अलीकडे काय पाहिलंत? आणि ते थेटरात बघायला हवं होतं की घरीच बरं?

अबोली
आमच्या घरात सगळेच बघणारे. सासूबाईंच्या मालिका, नवऱ्याला क्रिकेट नसेल तेव्हा पोलिसांच्या सिरीज, लेकीचं फोनवर काय चालतं ते तिलाच ठाऊक. मी मिळेल ते बघते. सिनेमाचं शिक्षण घेतलेलं नाही, पण काय आवडलं, काय नाही, आणि का, हे सांगता येतं. गेल्या काही महिन्यांत जे पाहिलं त्याबद्दल लिहिते, तुम्हीही लिहा.

'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' घरी पाहिला आणि जीव हळहळला. २८ फेब्रुवारी २०२५ ला तो थेटरात लागला होता, आम्ही जाऊ जाऊ म्हणेपर्यंत नाशिकमधून गेलासुद्धा. मालेगाव आपल्याच जिल्ह्यातलं, इथून शंभरेक किलोमीटर. व्हिडिओ पार्लर चालवणारा नासिर शेख आणि यंत्रमागावर राबणारे त्याचे दोस्त आपल्या गावासाठी, आपल्या बोलीत 'शोले' काढतात, ती खरी गोष्ट. निम्मा सिनेमा म्हणजे थेटरात बसलेले लोक कसे हसतात, कसे ओरडतात तेच. आणि तो मी बघितला बाहेरच्या खोलीत, आवाज कमी करून, कारण आत लेकीचा अभ्यास चालू होता.

'आता थांबायचं नाय' मात्र थेटरात पाहिला. मुंबई महापालिकेचे सफाई कामगार रात्रशाळेत जाऊन दहावी होतात, तीही खरीच घडलेली गोष्ट. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव दोघांनी जीव ओतलाय. शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा होते, निकालाच्या प्रसंगाला त्यांनी सरळ टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मग सगळ्या हॉलने.

'पंचायत'चा चौथा सीझन घरी पाहिला. दुधीभोपळा विरुद्ध कुकर अशी चिन्हं, आठही भाग निवडणूक. मला त्यातलं फुलेरा गाव आवडायचं ते तिथे विशेष काही घडत नाही म्हणून. एखादा बल्ब, एखादी खुर्ची, एवढ्यावर अख्खा भाग निघायचा. आता सगळे एकमेकांवर ओरडतात.

माझं म्हणणं असं आहे. लोक म्हणतात, लढाया आणि स्फोट असले तर थेटरात जा, साधा घरगुती सिनेमा काय, पुढे टीव्हीवर येतोच. मला हे बरोबर उलटं वाटतं. हसवणारा आणि रडवणारा सिनेमा चार लोकांत बघायचा असतो. स्फोट घरी बघितले तरी तेवढेच होतात.

---

सिडकोवाला
ताई, पहिल्याच पोस्टला विरोध नोंदवतो. 'छावा' घरी बघणार? आम्ही सगळी गल्ली मिळून गेलो होतो. विकी कौशल पहिल्यांदा पडद्यावर येतो तेव्हा मागच्या रांगेतल्या पोरांनी जी घोषणा दिली, अंगावर काटा. आणि शेवटच्या अर्ध्या तासात तीच पोरं चिडीचूप. हे टीव्हीवर नाही मिळत.

अबोली
सिडकोवाला, पण तुम्ही सांगितलेल्या दोन्ही गोष्टी माणसांच्याच आहेत. घोषणाही आणि चिडीचूप होणंही. लढाईबद्दल एक अक्षर नाही लिहिलंत.

सिडकोवाला
वकील आहात का तुम्ही?

आता_पुण्यात
मूळचा इंदिरानगरचा, म्हणून हक्काने लिहितो. मी पूर्ण घरच्या बाजूने. थेटरात गेलं की पुढचा माणूस फोन काढतो आणि त्याचा उजेड डोळ्यात. मागे कोणीतरी गोष्ट आधीच सांगत असतं. मध्यंतरात एक बादलीभर पॉपकॉर्न तिकिटाइतक्या पैशात.

मुख्य मुद्दा दुसराच. 'जारण' मी थेटरात पाहिला तेव्हा लोक घाबरले की खिदळायचे. एकाने केलं की दहा जण. अमृता सुभाष तिथे एवढं अवघड काम करतेय, आपलं मन खरंच आजारी आहे की कोणी काही केलंय, हे तिलाच कळत नाही, आणि इकडे हशा. नंतर घरी कानाला हेडफोन लावून, दिवे घालवून एकट्याने बघितला. तेव्हा कुठे खरा सिनेमा दिसला. अबोलीताई, तुमचा 'चार लोकांत' हा नियम भीतीच्या सिनेमाला लागू होत नाही.

वाचनवेडी
'जारण'मध्ये अनिता दातेही आहेत, आपल्या नाशिकच्या. काही न बोलता नुसतं बघून घाबरवतात.

दोन_लेकरांची_आई
मी रात्री एकटीने अर्धा बघितला. उरलेला अर्धा सकाळी, पोरं शाळेत गेल्यावर, खिडक्या उघड्या टाकून.

सटाण्याचा_पोरगा
आमना मालेगावना पिच्चर शे, बठ्ठासनी दखा!

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. अबोलीताई, तुम्ही 'सुपरबॉईज' पाहिलात, आता त्याच्या आधीची माहितीपटाची फिल्म शोधून बघा, 'सुपरमेन ऑफ मालेगाव'. फैजा अहमद खान यांची, २००८ ची. तिच्यात नट नाहीत, खरा नासिर आहे, खरा शफीक आहे. शफीक यंत्रमागावरचा कामगार, अंगाने काडी, आणि तोच सुपरमॅन. क्रेन नाही तर बैलगाडीच्या जूला कॅमेरावाला बसवून वर उचलतात. ट्रॉली नाही तर सायकल. कोणी रडगाणं गात नाही की आमच्याकडे साधनं नाहीत. आहे त्यात शॉट कसा घ्यायचा एवढंच डोक्यात.

मालेगावात यंत्रमागांना सुट्टी शुक्रवारी. त्यामुळे पिक्चरचा दिवसही शुक्रवारच. आठवडाभर मागाच्या खडखडाटात काम करणारा माणूस, शेजारी उभा असलेला काय बोलतो ते ऐकू येत नाही एवढा आवाज, तो शुक्रवारी थेटरात जाऊन बसतो. आमच्या काकांचं सूतबाजाराच्या कामाने तिकडे जाणं-येणं असायचं, लहानपणी मला न्यायचे. पहिली रांग मिळवण्यासाठी पोरं शो सुरू व्हायच्या खूप आधी येऊन बसायची. हिरोची एंट्री झाली की सुट्टी नाणी पडद्याकडे उडायची. अशा गावात नासिर शेख तयार झाला यात नवल काय? तो प्रेक्षकांत बसूनच शिकला.

'सुपरबॉईज' मात्र मला थोडा गुळगुळीत वाटला. मालेगावच्या गल्ल्या त्यापेक्षा दाट आहेत, बोलण्यात उर्दू, मराठी, अहिराणी अशी सरमिसळ असते, ती पडद्यावर कमी आली. तरी विनीत कुमार सिंगने लेखक केलाय तो खास. लिहिणाऱ्याचं नाव मागे पडतं, त्याचा राग त्याने असा दाखवलाय की मला त्याच्या बाजूने उठून भांडावंसं वाटलं.

अबोली
सटाण्याचा_पोरगा, तुमची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली. माहितीपट आज रात्री शोधतो. आणि शफीकचं पुढे काय झालं ते कृपया कोणी इथे लिहू नका, बऱ्याच जणांनी पाहिला नसेल.

ओझरकर
चर्चा जिल्ह्यातल्या सिनेमावर आलीच आहे तर विचारतो. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' नाशिकलाच काढला ना? आमच्या कंपनीत यावरून जेवणाच्या सुट्टीत पैज लागली आहे.

पंचवटीकर
ओझरकर, 'राजा हरिश्चंद्र' मुंबईचा. दादरला चित्रीकरण, ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला. पण त्यानंतर त्याच वर्षी दादासाहेबांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं आणि 'मोहिनी भस्मासुर' इथे काढला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले, या दोघींनी कामं केली. त्याआधी तारामती एका पुरुषाने केली होती, अण्णा साळुंके यांनी. म्हणजे पडद्यावर बाईचं काम बाईने करायचं हे नाशिकमध्ये बनलेल्या सिनेमात सुरू झालं. पैज कोण जिंकलं ते तुम्ही ठरवा.

दादासाहेब त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०. गेलेही नाशिकमध्येच, १९४४ साली. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक आहे, तिथे आपण सगळे सहलीला जाऊन आलोय, पण त्या स्मारकात जाऊन त्यांचा एखादा मूकपट किती जणांनी पूर्ण बघितला? 'कालिया मर्दन'चा बराच भाग शिल्लक आहे. कृष्णाचं काम त्यांची मुलगी मंदाकिनी हिने केलंय. कालियाच्या फण्यावर नाचणारी ती पोरगी बघा. १९१९ सालचं काम, आणि चेहऱ्यावरचा खोडकरपणा आजचा वाटतो. मी नातवंडांना दाखवला. आवाज नाही म्हटल्यावर आधी कुरकुरली, मग संवाद स्वतःच म्हणायला लागली.

आता थेटर की घर. माझं उभं आयुष्य सर्कल, हेमलता, विजय-ममता असं गेलं. एक पडदा, बाल्कनी, स्टॉल, आणि मध्यंतरात बाहेर येऊन सगळ्या गावाशी भेट. आता एका इमारतीत पाच-सहा पडदे असतात, पण ओळखीचं कोणी भेटत नाही. अबोलीताई जे म्हणतात त्यात हेही धरा: त्या गर्दीत चेहरे माहितीचे असायचे.

ओझरकर
पैज मी हरलो, पण ज्याने जिंकली त्याला 'मोहिनी भस्मासुर'चं सांगून गप्प केलं. आभार काका.

मास्तर_निफाड
जरा लांबलचक लिहितोय, विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

मी माध्यमिक शाळेत शिकवतो. आमच्या सौभाग्यवतींच्या आग्रहाने 'अ‍ॅडोलसन्स' बघितली. इंग्लंडमधली गोष्ट, चारच भाग. तेरा वर्षांच्या जेमीला वर्गातल्या मुलीच्या खुनाच्या संशयावरून पोलीस पहाटे घरातून उचलून नेतात. प्रत्येक भाग एका सलग शॉटमध्ये घेतलाय, मध्ये कुठेही तोडलेलं नाही. हे कळायच्या आधीच मला श्वास कोंडल्यासारखं झालं होतं, कारण पात्र खोलीतून बाहेर गेलं तरी आपल्याला सुटका नाही.

दुसरा भाग शाळेतला आहे. तो मी पुन्हा लावून बघितला. पोलीस अधिकारी शाळेत येतो, मुलांना प्रश्न विचारतो, त्याला काही म्हणजे काही कळत नाही. शेवटी त्याचाच मुलगा, जो त्या शाळेत शिकतो, त्याला बाजूला घेऊन सांगतो की बाबा, मोबाइलवर त्या छोट्या चित्रांचे अर्थ तुम्हाला वाटतात ते नाहीत. बाप पोलीस, पुरावा समोर, आणि वाचता येत नाही. माझ्या वर्गातल्या मुलांचे फोन माझ्या हाती दिले तर मलाही त्यातलं काही लागणार नाही, आणि हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

तिसऱ्या भागात एक खोली, जेमी आणि मानसशास्त्रज्ञ बाई. ती त्याच्यासाठी गरम चॉकलेट आणते, आपलं अर्धं सँडविच देते. तासभर फक्त बोलणं. मुलगा हसतो, लाडात येतो, क्षणात अंगावर धावून जातो, परत मूल होतो. ओवेन कूपर या पोराचं हे पहिलंच काम, आणि त्याला एमी मिळालं ते योग्यच.

माझं मत आहे की ही घरीच बघायला हवी, आणि तीही आई-बापांनी एकत्र, मुलं मोठी असतील तर मुलांसकट. मध्ये थांबवून बोलता आलं पाहिजे. आम्ही चौथा भाग संपल्यावर बराच वेळ बोलत बसलो. थेटरात दिवे लागले की लोक गाडीच्या किल्ल्या शोधतात.

दोन_लेकरांची_आई
सर, माझा मोठा आठवीत आहे. वाचून पोटात गोळा आला. या शनिवारी नवऱ्याला बसवतेच.

आता_पुण्यात
मास्तरांना +१. माझी बाजू भक्कम होतेय.

सिडकोवाला
भक्कम कसली. सर सिरीजबद्दल बोलतायत, ती थेटरात लागतच नाही.

रातपाळी
मी नाशिकरोडला राहते, नर्स आहे, नावावरून कळलंच असेल. 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' पाहिला का कोणी? २०२४ मध्ये कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री पुरस्कार मिळालेला, पायल कपाडियांचा. मुंबईतल्या दोन मल्याळी नर्सेस आणि त्याच इस्पितळात स्वयंपाक करणारी पार्वती. पार्वती म्हणजे आपल्या छाया कदम. तिच्याकडे घराचे कागद नाहीत, बिल्डर हुसकावतोय, शेवटी ती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परत जाते.

सिनेमात नर्स म्हणजे एकतर देवी नाहीतर डॉक्टरच्या मागे ट्रे घेऊन उभी. इथे प्रभा ड्युटी संपवून लोकलमध्ये डोकं टेकून बसते तेव्हा तिचे खांदे बघा. रात्रपाळीनंतर खांदे असेच होतात. तिचा नवरा जर्मनीत, फोन नाही, पत्र नाही, आणि एक दिवस पार्सलमधून तांबडा राइस कुकर येतो. कोणी पाठवला त्याचं नावही नाही. रात्री ती जमिनीवर बसून त्या कुकरला मिठी मारते. मी एवढं रडले नाही कुठल्याच सिनेमात.

मी तो थेटरात बघितला, दुपारच्या खेळाला, नाइट करून थेट गेले होते. हॉलमध्ये मोजकी माणसं. अबोली, गर्दी नव्हती, तरी मला तो तिथेच बघायचा होता. घरी असते तर मध्ये दूधवाला, मध्ये सासरे, मध्ये वॉशिंग मशीन. त्या अंधारात मला कोणी हाक मारू शकत नव्हतं.

वाचनवेडी
रातपाळी, तुम्ही माझ्या मनातलं लिहिलंत, आणि इथेच माझं अबोलीशी जमत नाही. गर्दीचा सिनेमा गर्दीत बघावा, मान्य. पण शांत सिनेमालाही थेटर लागतं, कदाचित जास्तच.

'साबरबोंडं' घ्या. रोहन कानवडे यांचा, २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात मोठं बक्षीस मिळवणारा मराठी सिनेमा. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांसाठी गावी येतो. तिथे बाळ्या भेटतो, लहानपणचा मित्र. गाव संगमनेर तालुक्यातलं, म्हणजे आपल्या शेजारचंच. पार्श्वसंगीत नाही. कोंबड्या, शेळ्या, बायकांची कुजबुज, दूरचा पंप. दहा दिवसांत काय खायचं, काय घालायचं, कोणी काय विचारायचं, प्रत्येक नातेवाईक नियम सांगतोय आणि त्याच दमात लग्नाचं काढतोय. आपल्या घरी दहावा झालेल्या कोणालाही ती माणसं ओळखू येतील. आईला मुलाचं सगळं कळलेलं आहे आणि ती त्याला सांभाळून घेते, फार न बोलता. जयश्री जगताप यांनी ती आई केलीय. दोन पुरुषांमधल्या प्रेमाचा सिनेमा म्हणून काहींनी तो टाळला. त्यांनी जाऊन ती आई बघावी एवढंच म्हणते.

तो टीव्हीवर लावला असता तर घरातल्या कोणीतरी "काही होतंय का यात?" म्हणून बदलला असता. शांतता ऐकायला बंद दार लागतं.

आणि आता माझी खरी तक्रार. मला तो बघायला मिळाला तो सकाळचा एक खेळ, तोही कामाच्या दिवशी. मी रजा काढली. पुढच्या शुक्रवारी गेला. असं दर वेळी होतं. मराठी सिनेमाला सकाळी नऊ-दहाची नाहीतर दुपारची वेळ द्यायची, नोकरदार माणूस येणार कधी? मग म्हणायचं, लोक येत नाहीत.

सिडकोवाला
खरं आहे. आणि संध्याकाळच्या खेळाला पोचायचं तरी कसं? सिंहस्थाच्या कामांमुळे रोज एक नवा रस्ता बंद. मी मागे 'गुलकंद'ला निघालो, द्वारका चौकात अडकलो, पोचलो तेव्हा समीर चौघुलेंचं पहिलं भांडण होऊन गेलेलं.

ओझरकर
द्वारकेचं नाव काढू नका, धागा भरकटेल.

सिडकोवाला
भरकटवतोच थोडा. 'छावा' बघून आल्यावर पोरगं ऐकेना, मला किल्ला दाखव. मग रामशेजला नेलं. आपल्याला दिंडोरीकडे जाताना दिसतो तो, आशेवाडीच्या वर. छोटासा डोंगर. १६८२ मध्ये मोगलांनी वेढा घातला आणि पाच वर्षांहून जास्त काळ हा एवढासा किल्ला त्यांना दाद देईना. संभाजी महाराजांचा काळ. तटापेक्षा उंच लाकडी दमदमे उभे केले तरी नाही. पोरगं वर उभं राहून म्हणालं, "बाबा, याच्यावर पिक्चर का नाही?" मी काय सांगणार. कोणी काढला तर मात्र पहिल्या दिवशी पहिला खेळ, सगळी गल्ली.

पंचवटीकर
नातवाला, म्हणजे मुलाला, शाबासकी सांगा. रामशेजचा वेढा पडद्यावर यायलाच हवा.

दोन_लेकरांची_आई
सगळे सिनेमावर बोलताय, मालिकांना कोणी वाली नाही. आमच्याकडे साडेआठला 'ठरलं तर मग' म्हणजे घराचं घड्याळ. पोळ्या त्याआधी व्हायला पाहिजेत. कोर्टाची केस एवढी लांबली की सासूबाई म्हणतात, त्या वकील अर्जुनपेक्षा मी लवकर निकाल लावला असता.

पण एक सांगते. पूर्णा आजी करणाऱ्या ज्योती चांदेकर ऑगस्ट २०२५ मध्ये गेल्या, त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. रोज रात्री घरात येणारं माणूस गेलं, असंच त्यांना वाटलं. पुढे रोहिणी हट्टंगडी त्या भूमिकेत आल्या, केवढ्या मोठ्या अभिनेत्री, तरी आमच्याकडे पहिले काही दिवस टीव्हीसमोर नुसतं निरीक्षण चाललं होतं. आता स्वीकारलंय. मालिकांना नावं ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. दोन-तीन वर्षं रोज भेटणाऱ्या पात्राशी जे नातं होतं, ते अडीच तासांत होत नाही.

मास्तर_निफाड
माझ्या आईचंही असंच आहे. मालिकेतल्या सुनेला ती टीव्हीकडे बघून औषध घ्यायची आठवण करते.

आता_पुण्यात
म्हणजे मालिका घरी, सिरीज घरी, भीती घरी. थेटरात राहिलं काय?

रातपाळी
'दशावतार' राहिला ना! तो मी आईला घेऊन बघितला. दिलीप प्रभावळकर एक्याऐंशीव्या वर्षात हे काम करतात. नजर जात चाललेला म्हातारा दशावतारी कलाकार, बाबुली. मुलगा म्हणतो आता पुरे, आणि याला रंगभूमी सुटत नाही. तोंडाला रंग लावताना त्यांची बोटं चेहऱ्यावर फिरतात, आरशाची गरजच नाही, सवयीने. मी नर्स आहे, नजर गेलेली माणसं रोज बघते, ती चेहऱ्याला हात असेच लावतात. हे त्यांनी कुठून हेरलं असेल कोण जाणे.

मध्यंतरानंतर गोष्ट बदला घेण्याकडे वळते तेव्हा मला जरा ओढाताण वाटली. खाण, पुढारी, एकामागून एक अवतार. बाप-लेकाचा पहिला भाग जास्त आवडला.

अबोली
मला नेमका उत्तरार्ध आवडला. कोकणातल्या जंगलातला अंधार, पेटत्या मशाली, आणि त्या वयात त्यांचं ते रूप. आमच्या हॉलमध्ये शिट्ट्या पडत होत्या, त्याही बायकांच्या. बाप-लेकाचा भाग गोड आहे, पण तसे आधी पाहिलेत. राग आलेला म्हातारा मराठी पडद्यावर कितीदा बघायला मिळतो?

सटाण्याचा_पोरगा
दोघींचंही पटतं. सटाण्यात आम्ही देवमामलेदारांच्या यात्रेत तंबूतले पिक्चर बघून मोठे झालो, पडद्याच्या अलीकडून आणि पलीकडून दोन्हीकडून लोक बसायचे. पलीकडून बसलं की हिरो डावखुरा दिसायचा. 'दशावतार' अशा तंबूत लागला असता तर काय मजा आली असती.

पंचवटीकर
पलीकडून बसलेल्यांना पाट्याही उलट्या वाचायला लागायच्या. आमच्यातला एक पटापट वाचायचा.

अबोली
सगळ्यांचं वाचून माझं मत थोडं पुढे सरकलंय. रातपाळी आणि वाचनवेडी म्हणतात ते पटलं: थेटरात गर्दी मिळते आणि एकांतही मिळतो, आणि बाईमाणसाला घरात दोन्ही मिळत नाही. 'जारण'चंही मान्य, हॉल कोणता लाभतो यावर बरंच असतं. पण एका गोष्टीवर मी ठाम आहे. मराठी सिनेमा 'येईल घरी' म्हणून सोडायचा नाही. वाचनवेडीने वेळांबद्दल लिहिलं, ते पहिल्या शनिवार-रविवारी हॉल भरला तरच बदलेल. पहिल्या तीन दिवसांत माणसं दिसली की संध्याकाळचा खेळ मिळतो, 'दशावतार'च्या वेळी आपण ते इथेच पाहिलं. पहिल्या आठवड्यात एकच सकाळचा खेळ होता आमच्या जवळ, पुढच्या आठवड्यात रात्रीचेसुद्धा लागले.

म्हणून विचारते, मराठी सिनेमा लागला की पहिल्या रविवारी जायला कोण कोण तयार? कुठल्या थेटरात ते इथे ठरवू. कॉलेज रोड, नाशिकरोड दोन्हीकडच्यांना बरं पडेल असं.

रातपाळी
मी. रविवारची ड्युटी बदलून घेईन.

सिडकोवाला
आम्ही गल्लीसकट. द्वारका टाळून.

वाचनवेडी
मी आणि बहीण. सबटायटल असलेला खेळ असेल तर शेजारच्या तमिळ काकूही.

दोन_लेकरांची_आई
साडेआठच्या आत घरी सोडणार असाल तर सासूबाईंना घेऊन येते.

आता_पुण्यात
त्या रविवारी नाशिकला आलो तर येईन. पण फोन काढणाऱ्याशी बोलायचं काम सिडकोवाल्यांनी करायचं.

आणि सिरीजबद्दल कोणीतरी सांगा, 'मानवत मर्डर्स' बघू का? आठ भाग आहेत, वेळ काढावा लागेल.

मास्तर_निफाड
बघा. परभणीतल्या मानवतची सत्तरच्या दशकातली खरी प्रकरणं, तपास करणारे रमाकांत कुलकर्णी आशुतोष गोवारीकरांनी केलेत. आवाज न चढवता, माणसांना बोलतं करत ते तपास पुढे नेतात, ते मला फार आवडलं. मकरंद अनासपुरे आणि सोनाली कुलकर्णी यांना अशा भूमिकेत मी आधी बघितलं नव्हतं, दोघांची भीती वाटते. बळी गेलेल्यांत लहान मुली आहेत, त्यामुळे पोरं झोपल्यावर लावा, आणि एका रात्रीत सगळे भाग नका बघू.